बचावफळीतल्या लाइनमनचा करार वाढवावा का? फोर्टीनाइनर्सच्या अनुभवावरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अमेरिकन फुटबॉलमधील एका नेमक्या निर्णयाविषयी आहे. करार संपत आलेल्या डिफेन्सिव्ह लाइनमनला संघाने नवा दीर्घ करार द्यावा, की त्याला जाऊ द्यावे? उदाहरण म्हणून मुख्यतः सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स हा संघ घेतला आहे, कारण २०१५ पासून या निर्णयाच्या बहुतेक सर्व बाजू या एकाच संघाच्या वाट्याला आल्या आहेत. संघाचे मैदान सांता क्लारामध्ये असल्यामुळे बे एरियातील मराठी मंडळींना हा संघ घरचा वाटतो. शिवाय संघाच्या खेळाडूंच्या करारांच्या वाटाघाटी दीर्घकाळ पराग मराठे यांनी सांभाळल्या आहेत, त्यामुळे या व्यवहाराकडे आपल्या वाचकांचे थोडे अधिक लक्ष असते.

डिफेन्सिव्ह लाइनमनला एवढे पैसे का मिळतात?

कारण तो क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूचा, वेळ हिरावून घेतो, आणि आजच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये क्वार्टरबॅकला मिळणाऱ्या वेळेइतके मोलाचे दुसरे काहीही नाही. या फळीत दोन प्रकारचे खेळाडू असतात. कडेला उभा राहणारा एंड बाहेरून वळसा घालून येतो, आणि मध्ये उभा राहणारा टॅकल समोरून, सरळ छातीवर येतो. कडेने येणारा दबाव क्वार्टरबॅकला दिसला, तर तो दोन पावले पुढे सरकून चेंडू फेकू शकतो. मधूनच भिंत कोसळली, तर पुढे सरकायला जागाच उरत नाही. म्हणून मधला खेळाडू खरोखर उत्तम असेल, तर प्रतिस्पर्धी त्याच्यावर दोन-दोन अडवणारे लावतात, आणि त्यामुळे कडेच्या खेळाडूला एकास एक झुंज मिळते. हा लाभ त्या मधल्या खेळाडूच्या नावावर कोणत्याही तक्त्यात नोंदला जात नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोल या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात दिसले. लॉस एंजेलिस रॅम्स २३-२० असे पुढे होते, सामन्याचे शेवटचे मिनिट चालू होते, आणि सिनसिनाटी बेंगल्सला चौथ्या डाऊनवर, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, एकच यार्ड हवे होते. रॅम्सचा टॅकल ॲरन डोनल्ड मधून आत घुसला, बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो याला त्याने धरून गर्रकन फिरवले, आणि बरोने पडता पडता भिरकावलेला चेंडू कोणाच्याही हाती लागला नाही. डोनल्डला तो सॅकही (क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणे) मिळाला नाही, पण अजिंक्यपद तेथेच ठरले. रॅम्सने २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्याला सहा वर्षांची, १३.५ कोटी डॉलरची मुदतवाढ दिली होती, आणि त्या वेळी ही रक्कम अवाच्या सवा आहे असे म्हणणारे पुष्कळ होते.

मुदतवाढीचा प्रश्न नेमका कधी उभा राहतो?

ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी नव्या खेळाडूंची क्रमाने निवड करण्याच्या वार्षिक प्रक्रियेतून, आलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूबाबत संघाला पाचव्या वर्षाचा पर्याय असतो, आणि तो वापरायचा की नाही हे तिसरा मोसम संपल्यावर मेच्या सुरुवातीपर्यंत कळवावे लागते. ड्राफ्ट झालेल्या खेळाडूला तीन मोसम पूर्ण होईपर्यंत करारवाढ देता येत नाही. म्हणजे निर्णयाची खिडकी चौथ्या मोसमाच्या आधी उघडते आणि पाचवा मोसम संपेपर्यंत उघडी राहते. संघ ती शेवटपर्यंत ताणतात, हे माझ्या मते बहुतेक वेळा चुकते, आणि त्याची कारणे पुढे येतीलच.

बातमीत छापलेली रक्कम खरी असते का?

बहुधा नसते. एनएफएलचे करार सरसकट पूर्ण हमीचे नसतात. एखाद्या कराराची एकूण रक्कम, त्यातील हमीची रक्कम आणि एखाद्या वर्षी सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगारावरील वार्षिक मर्यादेत) मोजली जाणारी रक्कम या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि निर्णय घ्यायचा तो दुसऱ्या व तिसऱ्या रकमेवर. शेवटच्या एक-दोन वर्षांत दाखवलेले मोठे आकडे पुष्कळदा एजंटच्या प्रतिष्ठेसाठी असतात, आणि ते वर्ष येण्यापूर्वी करार नव्याने लिहिला जातो किंवा खेळाडूला मुक्त केले जाते.

यातील सायनिंग बोनस नीट समजून घ्यावा. तो खेळाडूच्या हातात लगेच पडतो, पण कॅपच्या हिशेबात तो जास्तीत जास्त पाच वर्षांत समान विभागला जातो. कल्पना करा की बोनस ४ कोटी डॉलरचा आहे आणि करार पाच वर्षांचा. दर वर्षी कॅपवर ८० लाखांचा भार पडेल. दोन वर्षांनंतर खेळाडूला सोडले, तर उरलेले २ कोटी ४० लाख डॉलर एकदम संघाच्या माथी येतात, आणि तो खेळाडू तर आता संघात नसतो. यालाच डेड मनी म्हणतात. १ जूननंतर मुक्त केल्यास हा भार दोन वर्षांत वाटता येतो, पण तो टळत नाही. म्हणून कोणताही करार वाचताना पहिला प्रश्न हा विचारावा, की संघ किती वर्षांनी फारसे नुकसान न होता यातून बाहेर पडू शकतो. मोठ्या करारांत हे उत्तर बहुधा दोन किंवा तीन वर्षे असे निघते. त्या दोन-तीन वर्षांत खेळाडू उत्तम खेळेल का, एवढाच खरा प्रश्न उरतो.

डिफॉरेस्ट बकनरला फोर्टीनाइनर्सने का सोडले?

हा प्रश्न आजही सर्वाधिक विचारला जातो, आणि त्याचे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

२०१९ च्या मोसमात फोर्टीनाइनर्सच्या आघाडीच्या ओळीत पहिल्या फेरीतील निवडींची रांगच होती: एरिक आर्मस्टेड (२०१५), बकनर (२०१६), सॉलोमन थॉमस (२०१७) आणि निक बोसा (२०१९). त्यांच्या जोडीला डी फोर्डला दुसऱ्या संघाकडून घेतले होते. त्या बळावर संघ सुपर बोलपर्यंत गेला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सकडून ३१-२० असा हरला. त्याच मार्चमध्ये दोन निर्णय एकदम समोर आले. आर्मस्टेडचा करार संपला होता; बकनर पाचव्या वर्षाच्या पर्यायावर होता आणि त्याला बाजारभावाने मुदतवाढ हवी होती. दोघेही २६ वर्षांचे होते, आणि दोघांनाही मोठे करार देणे संघाला परवडत नव्हते. संघाने आर्मस्टेडला पाच वर्षांसाठी ८.५ कोटी डॉलरपर्यंतचा करार दिला आणि बकनरला इंडियानापोलिस कोल्ट्सकडे पाठवून त्या बदल्यात ड्राफ्टमधील १३ वी निवड घेतली. कोल्ट्सने बकनरला लगेच चार वर्षांची ८.४ कोटींची मुदतवाढ दिली, म्हणजे वर्षाला २.१ कोटी.

संघाची बाजू अशी होती. आर्मस्टेड वर्षाकाठी बकनरपेक्षा ४० लाखांनी स्वस्त होता, तो आत आणि कडेला दोन्हीकडे खेळत असे, आणि १३ व्या निवडीतून येणारा तरुण लाइनमन चार वर्षे अगदी स्वस्तात मिळणार होता. वाचलेल्या पैशांतून पुढे जॉर्ज किटल, फ्रेड वॉर्नर, ट्रेंट विल्यम्स आणि स्वतः बोसा यांना राखता येणार होते. कागदावर हा हिशेब बिनचूक होता.

प्रत्यक्षात जे घडले ते वेगळे. संघ १३ व्या जागेवरून एक पायरी खाली उतरला आणि १४ व्या क्रमांकावर जॅव्हॉन किनलॉला निवडले. १३ व्या जागेवर टॅम्पा बेने ट्रिस्टन वर्फ्सला घेतले, जो पुढे लीगमधील सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह टॅकलांपैकी (आक्रमणात क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्यांपैकी) एक ठरला. किनलॉचा गुडघा त्याला साथ देईना. २०२१ मध्ये तो चार सामने खेळला, २०२२ मध्ये सहा. त्याच्या पाचव्या वर्षाचा पर्याय संघाने वापरलाच नाही आणि २०२४ मध्ये तो निघून गेला. बकनर मात्र कोल्ट्सकडे पहिल्याच वर्षी ९.५ सॅकसह ऑल-प्रो, म्हणजे मोसमातील सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, ठरला. ती रिकामी जागा भरण्यासाठी फोर्टीनाइनर्सला २०२३ मध्ये जॅव्हॉन हारग्रेव्हला चार वर्षांसाठी ८.४ कोटी डॉलरपर्यंतचा करार द्यावा लागला. हा आकडा बकनरच्या करारवाढीइतकाच आहे, फक्त तीन वर्षे उशिरा आणि ३० वर्षांच्या खेळाडूसाठी. हारग्रेव्ह दोन मोसमांनंतर गेला.

मग तो निर्णय चुकीचाच म्हणायचा का?

माझे मत तसे आहे, पण निकाल पाहून मी ते बनवलेले नाही. किनलॉचा गुडघा दुखावेल हे कोणालाही ठाऊक नव्हते, आणि संघ त्यानंतरही २०२१ व २०२२ मध्ये कॉन्फरन्सच्या (लीगच्या अर्ध्या भागाच्या) अंतिम सामन्यापर्यंत आणि २०२३ च्या मोसमात पुन्हा सुपर बोलपर्यंत पोहोचला, हेही लक्षात ठेवले पाहिजे. चूक त्या दिवशीच्या माहितीतही दिसत होती. आर्मस्टेडने २०१९ मध्ये १० सॅक केले होते. त्याआधीच्या चारही मोसमांत मिळून त्याचे सॅक होते ९. बकनरची कामगिरी चार वर्षे सातत्याने उच्च होती आणि त्या काळात तो केवळ एका सामन्याला मुकला होता. दोघांपैकी एकालाच ठेवायचे असेल, तर अनेक वर्षांचा पुरावा असलेल्या खेळाडूला ठेवावे, एका उत्तम वर्षाच्या जोरावर भाव वाढलेल्याला नव्हे. आर्मस्टेड चांगला आणि प्रामाणिक खेळाडू होता. धावत्या आक्रमणाविरुद्ध तर फारच चांगला. परंतु त्याला दिलेली रक्कम त्या एका मोसमाची होती. मार्च २०२४ मध्ये संघाने त्याला मुक्त केले.

सॅकची संख्या पाहून निर्णय घेता येतो का?

एकट्या सॅकवरून घेऊ नये. सॅक हा प्रसंग मुळात दुर्मीळ असतो. मोसमात दहा सॅक म्हणजे उत्तम कामगिरी, आणि सहा व दहा यांतील फरक कधी कधी केवळ मागच्या बचावपटूंनी अर्धा सेकंद अधिक वेळ प्रतिस्पर्ध्याला रोखून धरल्यामुळे पडतो. त्यापेक्षा दबावाची नोंद अधिक स्थिर असते. खेळाडूंच्या खांद्यावरील पॅडमध्ये बसवलेल्या चिपमुळे प्रत्येक स्नॅपनंतर, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळी सुरू झाल्यावर, कोण कोठे होते हे आता अचूक कळते, आणि त्यावरून अडीच सेकंदांच्या आत लाइनमनने आपल्या समोरच्याला किती वेळा हरवले याचे प्रमाण काढले जाते. सलग तीन वर्षांचे हे प्रमाण, त्याच्यावर किती वेळा दोन खेळाडू लावले गेले याची नोंद आणि प्रत्येक मोसमात त्याने खेळलेले एकूण स्नॅप, या तीन गोष्टी समोर ठेवल्या तर चित्र बरेच स्पष्ट होते.

तरीही चित्रफीत पाहण्याला पर्याय नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये, पन्नासाव्या-साठाव्या स्नॅपला त्याचे पहिले पाऊल पहिल्या क्वार्टरइतकेच झटकन पडते का, हे कोणताही तक्ता सांगत नाही.

वय आणि दुखापती यांचे काय?

टॅकल कडेच्या खेळाडूच्या मानाने उशिरा ओसरतात, कारण त्यांचा खेळ निव्वळ वेगावर कमी आणि हात, ताकद व कोन यांवर अधिक उभा असतो. चीफ्सने क्रिस जोन्सला मार्च २०२४ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, पाच वर्षांचा सुमारे १५.९ कोटी डॉलरचा करार दिला, ज्यात ९.५ कोटींची हमी होती. पिट्सबर्गच्या कॅमेरन हेवर्डला तर ३५ व्या वर्षी मुदतवाढ मिळाली आणि त्याच मोसमात तो ऑल-प्रो संघात आला. पण असे खेळाडू अपवाद आहेत आणि अपवादावर धोरण आखू नये.

दुखापतीबाबत मात्र मनाची तयारीच ठेवावी लागते. ह्यूस्टनच्या जे. जे. वॉटने २०१४ मध्ये सहा वर्षांचा, १० कोटींचा करार केला तेव्हा तो जगातील सर्वोत्तम बचावपटू होता. पाठ आणि पाय यांमुळे २०१६ व २०१७ या दोन मोसमांत मिळून तो आठच सामने खेळला. बोसाला २०२३ च्या सप्टेंबरमध्ये १७ कोटींचा, १२.२५ कोटींच्या हमीचा करार मिळाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. असे काही घडले म्हणून मूळ निर्णय चुकला असे होत नाही. ज्याची दुखापत पुन्हा पुन्हा एकाच जागी होते, त्याच्याबाबत हमीची वर्षे कमी ठेवणे आणि काही रक्कम प्रत्येक सामन्यातील उपस्थितीशी जोडणे, एवढे संघाच्या हातात असते आणि तेवढे त्याने जरूर करावे.

प्रशिक्षक बदलला तर करार वाया जाऊ शकतो का?

होय. वॉशिंग्टनने २००९ मध्ये अल्बर्ट हेन्सवर्थला सात वर्षांसाठी १० कोटी डॉलरचा करार दिला, ज्यात ४.१ कोटींची हमी होती. पुढच्याच वर्षी नवे प्रशिक्षक आले, बचाव चार जणांच्या फळीऐवजी तीन जणांच्या फळीवर गेला, आणि फटीतून घुसण्यासाठी घेतलेल्या खेळाडूला आता दोन अडवणाऱ्यांना अंगावर घेऊन उभे राहण्याचे काम सांगण्यात आले. त्याने ते मनापासून स्वीकारले नाही आणि दोन मोसमांत सारे संपले. म्हणून बचावाचे सूत्रधार स्थिर आहेत का, हे करार देण्यापूर्वी पाहावे. फोर्टीनाइनर्सकडे हे पद वारंवार बदलले, पण चार जणांची आक्रमक फळी आणि तिचे प्रशिक्षक क्रिस कोकुरेक कायम राहिले, त्यामुळे तेथे हा धोका कमी होता.

फ्रँचायझी टॅग लावून एक वर्ष थांबणे शहाणपणाचे नाही का?

करार संपलेल्या खेळाडूला एक वर्ष आपल्याकडेच राखण्याचा संघाचा हा अधिकार त्या एका वर्षासाठी सोयीचा असतो. टॅगमध्ये खेळाडूला त्या जागेवरील सर्वोच्च पगारांच्या आधारे ठरलेली किंवा आधीच्या पगाराच्या १२० टक्के, यांपैकी जी अधिक असेल ती रक्कम मिळते, आणि ती संपूर्ण एकाच वर्षाच्या कॅपवर पडते. बोनस पसरवण्याची सोय तेथे नसते.

शिवाय आधीच्या करारात वारंवार फेरफार करून भार पुढे ढकलला असेल, तर टॅगची रक्कम आवाक्याबाहेर जाते. २०१५ मध्ये डेट्रॉइट लायन्सची अशीच कोंडी झाली. एनडामुकन सूला टॅग लावायचा तर एका वर्षाला सुमारे २.७ कोटी डॉलर मोजावे लागले असते. त्यांनी त्याला टॅग लावला नाही, आणि तो मायामीला गेला. बदल्यात हाती लगेच काही आले नाही.

खेळाडूने सरावाला येणेच बंद केले तर?

दुसऱ्या किंवा त्यापुढच्या करारावरील खेळाडूला सराव शिबिराला गैरहजर राहिल्यास दिवसाला ५०,००० डॉलर दंड बसतो, आणि २०२० च्या सामूहिक करारानुसार असा दंड संघाला माफही करता येत नाही. तरीही क्रिस जोन्सने २०२३ मध्ये सारे शिबिर आणि पहिला सामना सोडला. चीफ्स तो सामना डेट्रॉइटकडून २१-२० असा एका गुणाने हरले, आणि काही दिवसांतच त्याच वर्षापुरता सुधारित करार झाला. त्यात सॅकच्या संख्येशी जोडलेला १२.५ लाख डॉलरचा बोनस होता. मोसमाच्या शेवटच्या सामन्यात चीफ्सच्या बहुतेक प्रमुख खेळाडूंना विश्रांती दिली होती, पण जोन्स उतरला, हवा असलेला सॅक मिळवला, आणि सहकाऱ्यांनी त्याला घेरून जल्लोष केला. वाटाघाटीत कटुता आली की संघ दुभंगतो असे नेहमीच घडत नाही, हे त्या दृश्यात दिसले. बोसानेही त्याच वर्षी पहिल्या सामन्याच्या काही दिवस आधीपर्यंत दूर राहून करार मिळवला.

करार देण्याऐवजी खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन निवडी घेणे केव्हा योग्य?

संघ उभारणीच्या अगदी सुरुवातीला असेल आणि क्वार्टरबॅकच जागेवर नसेल, तेव्हा. जिंकण्याच्या तयारीतील संघाने हा मार्ग फार जपून घ्यावा. डॅलसने ऑगस्ट २०२५ मध्ये मायका पार्सन्सला ग्रीन बेकडे पाठवले आणि पहिल्या फेरीतील दोन निवडी व केनी क्लार्क हा टॅकल घेतला. ग्रीन बेने पार्सन्सला चार वर्षांचा १८.८ कोटींचा करार दिला. नोव्हेंबरमध्ये डॅलसनेच न्यूयॉर्क जेट्सला पहिल्या फेरीतील एक निवड देऊन क्विनन विल्यम्स हा दुसरा टॅकल आणला. बकनरच्या वेळीही घडले ते हेच: निवडीतून घेतलेला खेळाडू जागा भरू शकला नाही, आणि अखेर बाजारातूनच माणूस आणावा लागला.

कॅपचा किती भाग एका लाइनमनवर खर्च करावा?

ठराविक टक्का सांगता येत नाही. पण रकमेकडे नव्हे, प्रमाणाकडे पाहावे. २०२० मध्ये कॅप १९.८२ कोटी होती, तेव्हा बकनरचे वार्षिक २.१ कोटी म्हणजे साडेदहा टक्क्यांहून थोडे अधिक. २०२१ मध्ये साथीमुळे प्रेक्षागृहे रिकामी राहिल्याने कॅप १८.२५ कोटींवर घसरली, हे मान्य करायला हवे, आणि ते वर्ष सर्वांनाच जड गेले. पण २०२४ मध्ये ती २५.५४ कोटी आणि २०२५ मध्ये २७.९२ कोटी झाली. तेच २.१ कोटी २०२५ च्या कॅपच्या साडेसात टक्के भरतात. लवकर केलेला करार दर वर्षी आपोआप स्वस्त होत जातो, आणि उशिरा केलेला करार वाढलेल्या भावाने करावा लागतो. खिडकी शेवटपर्यंत ताणू नये असे मी वर म्हटले ते यामुळे.

थोडक्यात, कोणाचा करार वाढवावा?

पुढील तीन मोसम ज्याच्या खेळावर बचावाची रचना उभी राहणार आहे, ज्याच्या कामगिरीला किमान तीन वर्षांचा आधार आहे, आणि जो बहुतेक सामने खेळतो, त्याचा करार चौथ्या मोसमाआधी वाढवावा, हमीची रक्कम पहिल्या तीन वर्षांतच बसवावी आणि त्यासाठी दुसऱ्या फळीतील एखादा मधला करार सोडून द्यावा लागला तरी चालेल. जो चांगला आहे पण ज्याच्यावर प्रतिस्पर्धी दोन जण लावत नाहीत, त्याला दोन वर्षांचा प्रस्ताव द्यावा आणि तो न स्वीकारल्यास जाऊ द्यावे. त्याच्या जाण्याची भरपाई म्हणून पुढच्या वर्षी मिळू शकणारी ड्राफ्टमधील निवडही हिशेबात धरावी.